साळव्यांच्या दारातला रॅम्प

फोन ऑफिसात आला, जेवणाच्या सुट्टीत. सुशीलावहिनींचा आवाज इतका सरळ होता, की मला वाटलं, येताना काही औषध आणायला सांगताहेत. "भाऊजी, हे गेले सकाळी," त्या म्हणाल्या, आणि मी बावळटासारखा "हो, हो" म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं... त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्या चाकाच्या खुर्चीसमोर बसून काय बोलावं, हे आता शोधायला नको होतं. मग स्वतःचाच असा संताप आला, की हातातलं सँडविच तसंच टाकून मी गाडीत जाऊन बसलो. याला आता काही आठवडे झाले. शांतवन साळवेबद्दल लिहायला बसलो की तो संताप अजून मध्ये येतो, त्याला माझा इलाज नाही.

शांतवन नगरचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, मी नागपूरचा. दोघंही मोटारींच्या कंपन्यांत इंजिनिअर, दोघांची घरं अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये एकाच रस्त्यावर. माझा देव गणपतीच्या दहा दिवसांपुरता, तर हा एकही रविवार चर्च न चुकवणारा. यावरून आमची कायम खेचाखेच चाले. देवाने प्रत्येक माणूस आपल्या प्रतिरूपात घडवलाय, हे त्याचं लाडकं वाक्य. हे तुझं नाकसुद्धा का, असं मी विचारी. नाक आईकडून आलंय, असं तो गंभीर चेहऱ्याने सांगे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटकडच्या कंपन्यांनी भराभर माणसं काढली, त्यात माझा नंबर लागला. मी पडदे ओढून घरात बसलो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं सोडलं, कारण तिथे कोणी भेटलं की पहिला प्रश्न "सध्या कुठे?" हाच. शांतवन रोज संध्याकाळी येई, सल्ला म्हणून एक देत नसे, पोहे मात्र मागून खाई. एकदाच म्हणाला, "नोकरी गेलीय, देशकर. तू कुठे गेलायस?" मला तेव्हा ते चर्चमधलं गोड बोलणं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी पडदे उघडले, हेही खरं.

दर शनिवारी तो एका संस्थेत जाई. मतिमंद प्रौढ माणसांचं घर होतं ते. तिथल्या पुरुषांच्या दाढ्या करायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. एकदा त्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी सोडायला गेलो आणि थांबलो. तिथल्या लोकांना कामं फार, ते विजेच्या मशिनने घाईघाईत उरकत. हा साबण, ब्रश, गरम टॉवेल असा थाट घेऊन बसे. वॉल्टर नावाचा एक पन्नाशीचा थोराड माणूस होता, जन्मापासून एक शब्द न बोललेला. "चला वॉल्टरराव, हनुवटी वर," असं शांतवनने चक्क मराठीत सांगितलं, आणि वॉल्टरने डोळे मिटून हनुवटी वर केली. परतताना मी विचारलं, की हे सगळं कशासाठी? त्याला ना तुझं नाव माहीत, ना स्वतःचं.  "त्याची किंमत त्याला काय येतं यावरून नाही ठरत," शांतवन म्हणाला. "ती देवाने आधीच ठरवून पाठवलीय. तुझी, माझी, त्याची... सारखीच." मला पटलं नाही, पण त्या दिवशी मी त्याची खेचली नाही.

पुढे तीनेक वर्षांनी त्याच्या हातातून ब्रश पडायला लागला. मग कॉफीचा कप, मग पेन. नसांचा आजार निघाला. एकेक स्नायू बंद पडत जातो, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, आणि औषध नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. शनिवार बंद झाले. पाय गेले, तसा मी लाकूड आणून त्याच्या दारातल्या पायऱ्यांवर रॅम्प बांधला. मला दुसरं काय येत होतं? तो खिडकीतून बघत होता. झाल्यावर म्हणाला, की हा कशाला, मी बाहेर जाऊन काय करणार, लोकांना तमाशा दाखवू? चर्चला जायचंही त्याने सोडलं, कारण प्रभुभोजनाची भाकर पाळकांना त्याच्या तोंडात घालावी लागली असती. वहिनींनी घास पुढे केला की तो मान फिरवी. त्या ताट घेऊन तशाच बसून राहत. शेवटी भूक अनावर झाली की दोन घास, तेही डोळे मिटून.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, नोकरी गेली तेव्हा मला काय म्हणाला होतास? वॉल्टरबद्दल काय म्हणाला होतास? किंमत देव ठरवतो ना? मग तुझी काय त्याने परत घेतली?"  त्याची जीभही जड व्हायला लागली होती. "ते बोलत होतो," तो म्हणाला, "तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते."  ज्याचा विश्वास मी वर्षानुवर्षं चेष्टेवारी नेला, तोच विश्वास त्याला परत मिळावा म्हणून मी तडफडत होतो, आणि मला तर प्रार्थनासुद्धा करता येत नव्हती.

मग त्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. वॉल्टर दर शनिवारी बेसिनसमोरच्या खुर्चीत जाऊन बसतो, उठत नाही, त्याला घेऊन येऊ का? वहिनींनी नवऱ्याला न विचारताच हो म्हणून टाकलं. वॉल्टर रॅम्पवरून सावकाश चालत आत आला, खुर्ची ओढून शांतवनसमोर बसला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

शांतवनचे हात खुर्चीच्या हातांवर पडले होते. एक बोट हललं, तेवढंच. मी उठलो, पण उठून करणार काय? वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. वॉल्टर वाट बघत राहिला... किती वेळ कोण जाणे. मग त्याने डोळे उघडले, शांतवनकडे पाहिलं, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली आणि टीव्ही बघू लागला. वहिनींनी चिवडा दिला तो खाल्ला. मध्येच त्यातला एक शेंगदाणा उचलून त्याने शांतवनच्या ओठांशी नेला. ठसका लागेल म्हणून वहिनी पुढे धावल्या, पण शांतवनने तोंड उघडलं होतं.

वॉल्टर गेल्यावर तो मला म्हणाला, एकेक शब्द जुळवत, "देशकर, त्याला कळलंच नाही रे."

"काय?"

"मी निरुपयोगी झालोय ते."

तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही. त्या आजारात दोन्ही एकमेकांत मिसळतात.

यानंतर सगळं ठीक झालं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. काही रविवार मी त्याला रॅम्पवरून उतरवून चर्चला नेलं, भाकर त्याने पाळकांच्या हातून घेतली. काही दिवस तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग वाचा पूर्ण गेली. स्वतःची किंमत त्याला शेवटी पटली होती का, की नाही... मला माहीत नाही, आणि आता विचारायला कोणी नाही. हेच मला सोसत नाही.

यंदा ट्रॉयमध्ये बर्फ पडतोच आहे. ऑफिसला जाण्याआधी मी साळव्यांच्या दारातला रॅम्प साफ करतो, उरलेला बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतो. वहिनी गॅरेजच्या दाराने ये-जा करतात, त्यांना तो लागत नाही. परवा त्या कोट अंगावर ओढून दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता कशाला? त्याचा काही उपयोग आहे का?"  मी खाली मान घालून फावडं चालवत राहिलो.  त्या आत गेल्या, झाडू घेऊन आल्या आणि वरच्या टोकाकडून बर्फ झाडायला लागल्या.