वाकडा दात करणारं मशीन

माणसाला दातांखेरीज चेहरा नावाची आणखी एक वस्तू असते, ही बातमी आमच्या भावोजींपर्यंत अजून पोचलेली नाही. पेणला रामवाडीत त्यांची दातांची लॅब आहे. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं काम. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि भावोजी त्या मापाची कॅप किंवा कवळी बनवून परत धाडतात. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना माणूस दिसतो तो नाकाखालून हनुवटीपर्यंतच. माझा कंपनीतला एक मित्र दर दिवाळीला माझ्याबरोबर त्यांच्याकडे फराळाला येतो आणि दर दिवाळीला भावोजी त्याला "आपण कोण?" असं विचारतात. तो बिचारा कसनुसा हसतो, आणि लगेच भावोजी खूश. "अरे, तुम्ही व्हय! पुढच्या दोन दातांत फट हाय ते! बसा, बसा." लग्नाच्या मांडवात ते दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी गमतीचं सांगतात. लोकांना वाटतं, काय मोकळा माणूस आहे! खरं तर ते पाहुण्यांची ओळख पटवून घेत असतात. हायवेला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक दिसला की एसटीच्या खिडकीतून बोट दाखवून ते भर गर्दीत सांगतात, "वरचे सहा माझे. खालचे कोणी केले ठाऊक नाय, पण काम घाईचं हाय."

रंगांचंही तसंच. दातांच्या छटांना त्यांच्या धंद्यात ए-वन, ए-टू, बी-वन अशी नावं असतात आणि भावोजींच्या लेखी जगात तेवढेच रंग आहेत. आमच्याकडे भात वाढला की ते म्हणणार, "हा ए-वन. गेल्या खेपेचा ए-थ्री होता, जुना असणार." रोह्याजवळ वरसेला मी घर बांधलं तेव्हा भिंतींचा रंग निवडायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. खिशातून छटांची ती पट्टी काढली, उन्हात धरली, रंगाऱ्याला पाऊण तास उभा केला आणि ए-टू ठरवला. रंग चांगला आहे, नाही असं नाही. पण माझी बायको आजही म्हणते, दारातून आत शिरताना कुणाच्या तरी तोंडात चालल्यासारखं वाटतं.

भावोजी मूळचे हमरापूरचे, गणपतीवाल्या घरातले. त्यांचे वडील अख्खी मूर्ती हाताने घडवायचे. गावात साचे आले तेव्हा वडिलांनी साचा आणणाऱ्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला. पुढल्या वर्षी मात्र त्याच भावाच्या साच्यातल्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला तेच बसले, कारण ते काम गावात त्यांच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. ती आखणी भावोजींच्या हातात उतरली आहे. गणपतीच्या तोंडावर आठ दिवस लॅबला कुलूप असतं आणि हे हमरापूरला बारीक कुंचला घेऊन मूर्तींपुढे मांडी घालून बसलेले असतात. ही मूर्ती कुठे जाणार, हे विचारल्याशिवाय डोळ्याला हात लावत नाहीत. लहान घरात जाणारी असेल तर नजर जरा खाली घेतात. "माणसं जमिनीवर बसणार, मग देवानं बघायचं कोणाकडं, पंख्याकडं?" तेवढ्या दिवसांत कुणा डॉक्टरचा फोन आला तर उत्तर ठरलेलं असतं. "देवाचे डोळे झाले की तुमचे दात."

त्यांच्या लॅबमध्ये एक काचेचं कपाट आहे. त्यात आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे प्लास्टरमधले दात मांडून ठेवलेत, प्रत्येकाच्या खाली नाव. आमच्या घरात नवी सून आली की आधी देवाला नमस्कार करते आणि मग भावोजींना दातांचं माप देते. पहिलं नाव माझ्या ताईचं आहे. ताईचा वरचा डावा सुळा जरा पुढे आलेला आणि थोडा फिरलेला. शाळेत पोरींनी चिडवल्यापासून ती तोंडाशी ओढणी धरूनच हसायची. भावोजी तिला बघायला आले तेव्हा स्वयंपाक, शिक्षण यातलं काही विचारलं नाही; एकदम म्हणाले, "जरा हसून दाखवता का?" माझे वडील संतापाने लाल झाले. पण हा गडी इतक्या गंभीर चेहऱ्याने वाट बघत बसला की ताईला खरंच हसू फुटलं. भावोजी पुढे वाकून नीट बघत राहिले आणि म्हणाले, "हा सुळा कोणी सरळ करायला सांगितलं तर ऐकू नका." पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, नकार दिसतो. चार दिवसांनी होकार आला. लग्नानंतर ताईच्या तोंडावरची ओढणी गेली ती गेलीच, आणि चौतीस वर्षं ती मोठ्याने हसत आली.

असा हा हातावर विश्वास असलेला माणूस मशीनच्या प्रश्नात सापडला. हल्ली लोकांना धातूच्या कॅपा नकोत, पांढऱ्याशुभ्र, चिनी मातीसारख्या झिरकोनियाच्या हव्यात, आणि तो कोरायला मिलिंग मशीन लागतं. भावोजींकडे ते नव्हतं. ते कोरायचं काम पनवेलला पाठवायचे, दात तिथून परत आला की त्यावर हाताने रंग चढवायचे. यात आठवडा जायचा. निम्मं काम देणाऱ्या रोह्याच्या डॉक्टरीणबाई एक दिवस स्पष्टच बोलल्या. "काका, पावसाळ्यापर्यंत थांबते. तोवर मशीन आलं नाही तर मला सरळ पनवेललाच द्यावं लागेल." त्या गेल्या असत्या तर बाकीचेही गेले असते आणि रामवाडीतल्या त्या कपाटाला कायमचं कुलूप लागलं असतं. हे भावोजींना कळत होतं. पण मशीन आलं तर आपल्या हातांनी काय करायचं, हे मात्र त्यांना कळत नव्हतं.

मी रोह्याला कंपनीत वीस वर्षं मशीनवर आहे, म्हणून त्यांच्या दृष्टीने मी या विषयातला तज्ज्ञ. दर रविवारी फोन यायचा. "मेव्हणे, मधेच लाईट गेली तर? अर्धा दात झालाय आणि मशीन थांबलं. लाईट परत आल्यावर त्याला आठवतं का, आपण कोणाचा दात करत होतो ते?" मी म्हणायचो, इन्व्हर्टर लावायचा. "म्हंजे आठवत नाय," असं म्हणून फोन ठेवायचे. पुढच्या रविवारी प्रश्न, मशीनचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं. त्याच्या पुढच्या रविवारी, ते माणसाला काही विचारतं का. त्यांनी न्हाव्याचा सल्ला घेतला, रिक्षावाल्याचा घेतला. बाजारात मासेवालीला विचारलं, "तुला मासे साफ करायचं मशीन दिलं तर घेशील?" ती म्हणाली, "मशीनचं मंग बघू. आधी बोंबील घेतोस का नाय ते सांग." यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. बाईचं म्हणणं मुद्द्याला धरून आहे, असं त्यांचं मत पडलं, पण मुद्दा कोणता ते काही सांगता आलं नाही.

त्या थंडीत वरसेला आमच्या शेताच्या बांधावर पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, लावली होती. मडकं उपडं केलं, वाफाळत्या वालाच्या शेंगा पसरल्या आणि ताईने सवयीने शेंग दाताखाली धरून सोलली. शेंगेबरोबर कुठून तरी खडा आला. कट्कन आवाज झाला, आणि सुळा तुटला. नेमका तोच. सगळे धावले, कुणी पाणी आणलं, कुणी लवंग. भावोजी मात्र तुटलेला तुकडा तळहातावर घेऊन नुसते बसून राहिले.

रोह्याच्या बाईंनी उरलेला दात घासून माप पाठवलं. कॅप करायची होती भावोजींनाच. आपल्या बायकोचा दात पनवेलला जाणार नाही, तो मी मेणात हाताने घडवणार, असं त्यांनी जाहीर केलं. कपाटातलं ताईचं लग्नाच्या वर्षीचं मॉडेल समोर ठेवलं आणि कामाला लागले. मी गेलो तेव्हा टेबलावर मेणाचे अकरा सुळे ओळीने उभे होते. अकराच्या अकरा देखणे होते आणि त्यातला एकही ताईचा नव्हता. "बघा, समोर ठेवून करतोय, तरी सरळ होतो," ते म्हणाले. "जन्मभर लोकांचे वाकडे दात सरळ करत आलो. आता हात वाकडं करायला ऐकत नाय." ताई तिथेच होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "जाऊ द्या हो. करा सरळ. या वयात कोण बघतंय?"

"मी बघतोय ना गो," भावोजी म्हणाले.

ताई हसली असावी, पण पदरामुळे दिसलं नाही. त्या पदराकडे बघून भावोजींनी माझ्यासमोरच मशीनच्या विक्रेत्याला फोन लावला आणि पटलं नाही तर आठ दिवसांनी परत न्यायच्या बोलीवर मशीन मागवलं.

टेम्पोतून मशीन आलं, भट्टी आली आणि गळ्यात टाय बांधलेला एक घामाघूम विक्रेता आला. त्याने मशीनचे गुण सांगायला सुरुवात केली. भावोजींनी हात वर केला. "ते सगळं ऱ्हाऊ दे. वाकडा दात करतं का?" विक्रेता गोंधळला. या प्रश्नाची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतलेली नव्हती. "नाही काका, उलट सॉफ्टवेअर आपोआप परफेक्ट शेप देतं." "तेच नको. परफेक्ट माझ्याकडं अकरा हायत." शेवटी मी मधे पडलो. मशीनला सांगाल ते करतं, एवढं मला वीस वर्षांत कळलं आहे. ती आपोआप सरळ करायची सोय बंद करायला लावली, ताईच्या जुन्या मॉडेलचा स्कॅन केला आणि त्यातला सुळा जसाच्या तसा उचलायला सांगितलं.

मशीन सुरू झालं. भावोजी काचेला नाक लावून उभे. पांढऱ्या चकतीतून दात बाहेर आला तो सुपारीएवढा. "हा काय म्हशीला बसवायचा?" ते ओरडले. विक्रेत्याने समजावलं की मुद्दाम मोठा कोरतात, भट्टीत आटून मापात येतो. भट्टी उघडेपर्यंत भावोजी जेवले नाहीत. उघडल्यावर त्यांनी दात चिमट्यात धरला, उजेडाकडे नेला आणि फिरवून फिरवून बघितला. पुढे आलेला, थोडा फिरलेला. तोच. मी त्यांच्याकडे बघत होतो. अकरा वेळा त्यांच्या हाताला जे साधलं नाही ते त्या पेटीने एका दिवसात केलं होतं, आणि त्याचा आनंद करावा की वाईट वाटून घ्यावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

ताईला खुर्चीवर बसवून त्यांनी दात नुसताच लावून बघितला. तिने आरसा घेतला, पदर सोडला आणि म्हणाली, "अगोबाई, माझाच की हो!" विक्रेत्याने टाळी वाजवायला हात उचलले. भावोजींनी त्याला थांबवलं. मान तिरकी करून ते बराच वेळ ताईकडे बघत राहिले, चौतीस वर्षांपूर्वी आमच्या ओटीवर बघितलं होतं तसेच.

"दात तुझाच हाय," ते म्हणाले, "पण हा लग्नातला हाय. बाकीचे तुझ्याबरोबर म्हातारे झाले, हा एकटाच नवरी."

मग त्यांनी दात काढून घेतला, बारीक चाक हातात धरलं आणि कामाला बसले. वरसेच्या शेंगा सोलून सोलून सुळ्याचं टोक जिथे बोथट झालं होतं तिथे थोडं घासलं, तिच्या तोंडात लावून बघितलं, पुन्हा घासलं. एका बाजूची कड उतरवली. ताई रागावली की झोपेत दात खाते आणि तिथेच झिजतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? विक्रेत्याने दबक्या आवाजात विचारलं, "काका, झिजवताय कशाला?" ते मान वर न करता म्हणाले, "मशीनला लग्नापर्यंतचं ठाऊक हाय. पुढचं मी सांगतोय." शेवटी त्यांनी आखणीचा बारीक कुंचला काढला आणि हिरडीजवळ चहाच्या रंगाची एक पुसट रेघ ओढली. हात जराही हलला नाही. अशीच रेघ मी त्यांना हमरापूरला देवाच्या पापणीवर ओढताना पाहिलं आहे.

आठ दिवस झाल्यावर विक्रेता टेम्पो घेऊन आला तो रिकामाच परत गेला. मशीन आता कपाटाशेजारी असतं, आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळतं. रोह्याच्या बाईंना दात वेळेवर पोचतात. मशीन कशासाठी घेतलं, असं कुणी विचारलं तर भावोजी पनवेलचं सांगतात, झिरकोनियाचं सांगतात, इन्व्हर्टर किती चांगला आहे तेही सांगतात. सुळ्याचं सांगत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा मशीन चालू होतं आणि भावोजी दुसऱ्या कुणाच्या तरी दातावर कुंचला फिरवत होते. ताई चहा घेऊन आली. मी कसलीशी टिंगल केली आणि ती खळखळून हसली, दोन्ही हातांत कप घेऊन. भावोजींनी मान वर करून बघितलं. मशीन थांबलं, दात झाल्याचा त्याचा तो बारीक आवाज आला, पण ते काही लगेच उठले नाहीत.