डिक्कीतले दोन क्विंटल

जागेश्वर मास्तर एकोडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दुनियेला मोजायचे. विहिरीची खोली, झाडाची उंची, बायको रत्नाबाईच्या शेगडीची उष्णता, काही सुटलं नाही. रत्नाबाईंनी एकदा थर्मामीटर पाटावरून उचलून सरळ अंगणात फेकला होता.

त्यांचा खरा जीव मात्र राईस मिलवाल्या पुंडलिकरावांच्या अॅम्बेसेडरमध्ये. दरवर्षी धानाची कापणी आटोपली की मास्तर तिची हॉर्सपॉवर काढायचे. लाखनीअलीकडच्या सरळ रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून साठवर न्यायची, किती सेकंद लागले ते बघायचं. मग न्यूट्रलमध्ये सोडून ती किती लवकर मंदावते ते बघायचं. रिकाम्या गाडीचं वजन मिलच्या धरमकाट्यावर आधीच केलेलं. त्यावरून चाकांपर्यंत पोचणारी ताकद निघते म्हणे. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे माझ्याकडे फक्त खेळाचं स्टॉपवॉच असायचं.

१९७९ साली मात्र गंमत नव्हती. ‘तिसाच्या खाली आली तर गाडी विकून टाकतो, मले एसटी बरी,’ असं पुंडलिकरावांनी जाहीर केलं होतं. गाडी गेली की ड्रायव्हर तेजरामची चौदा वर्षांची नोकरीही गेली. आदल्या वर्षी आकडा तेहतीस होता.

भंडाऱ्याला जायचंच होतं, म्हणून वाटेत चाचणी उरकायचं ठरलं. निघताना मास्तरांनी रीतसर विचारलं, “तेजराम, गाडीत काही सामान?”

“नाही जी, गुरुजी.”

त्या सरळ रस्त्यावर एका दिशेनं दोनदा, उलट दिशेनं दोनदा पळवली. मास्तरांनी आम्हा तिघांचं वजन धरून गणित मांडलं, परत मांडलं. साडेअठ्ठावीस.

“मंग?” तेजरामनं विचारलं.

“इंजिन थकलं रे. मी खोटा आकडा नाही देणार.”

मला मास्तरांचा संताप आला. दीड हॉर्सपॉवरसाठी काय हरिश्चंद्र व्हायचं! तेजराम मात्र गाडी हाकत राहिला. मास्तर मागे माझ्याकडून दशांश तपासून घेत होते.

भंडाऱ्यात पुंडलिकरावांच्या मुलीच्या दारात गाडी थांबली. तेजरामनं डिक्की उघडली आणि तांदळाचं भरलेलं पोतं पाठीवर घेतलं. मग दुसरं. क्विंटल-क्विंटलची पोती.

मास्तर ओरडलेच. “अरे, सामान आहे का म्हणून विचारलं होतं ना?”

“सामान कुठचं जी? पोरीचे तांदूर होते.”

आमच्याकडे नवा तांदूळ निघाला की लेकीच्या घरी जायचाच. त्याला सामान कोण म्हणतो? आदल्या वर्षी या पोरीचं लग्नच झालेलं नव्हतं.

मास्तर ओट्यावर बसले. दोनशे किलो धरून आकडे पुन्हा मांडले. तेहतीस!

“तेजराम, गाडी जशीच्या तशी आहे. चूक माझी. मी डिक्की उघडून पाहायला हवी होती.”

तेजराम पोत्यावरच टेकला आणि भर दारात रडायला लागला. “रुखमेले काय सांगू, एवढाच इचार करत आलो जी लाखनीपासून.”

रुखमा म्हणजे त्याची बायको. दोन मास्तर गाडीत बसून होतो, आणि आमच्यापैकी एकानंही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.