एकाच पोत्यातला चहा

चहाच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं पुडे भरतो आहे. एकाच पोत्यातली पूड आधी नावाजलेल्या कंपनीच्या पुड्यांत जाते आणि लेबल बदललं की दुकानाच्या स्वस्त पुड्यांत. म्हणून घरी स्वस्त पुडाच आणायचा, हा त्याचा हट्ट. बायकोला मात्र कंपनीचाच लागतो.

"अगं, दोन्ही मीच भरतो."

"भरता तुम्ही. पिते मी."

एकदा तिची जिरवायची म्हणून त्याने दोन्ही पुड्यांचा चहा करून सहा कप तिच्यापुढे ठेवले. कोणता कप कुठल्या पुड्याचा, हे तिने सहाही वेळा बरोबर सांगितलं. पुढच्या रविवारीही तेच झालं. मग त्याने नव्या पोत्यातली मूठभर पूड, लेबल लागण्याआधीच, घरी आणली. आता ती चुकणार याची त्याला खात्री होती.

तिने एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "हा दोन्हींतला नाही. हा दुकानापर्यंत पोचतच नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामातला पाइप फुटला. ते पोतं भिजलं आणि फेकून द्यावं लागलं.

त्यानंतर त्याने वाद सोडला. कंपनीचा पुडा मुकाट्याने घरी येऊ लागला. परवा सकाळी तिने चुकून त्याचा उष्टा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो, आज कामावर नाही गेलात तर?"

त्याने पायात चढवलेले बूट काढून ठेवले.