लातूरहून माश्या आणताना

नांदेडला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक मोठा थर्मास आणि कापसाचे बोळे लावलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या. बाटल्या माश्यांसाठी होत्या. हे मी हमालाला सांगितलं नाही, कारण घरच्या लोकांनाच ते अजून नीट पटलेलं नाही.

पिकल्या केळ्यावर घोंघावणारी तिळाएवढी फळमाशी ही माझी उभ्या जन्माची सोबतीण. मेंदूचे आजार आईबापांकडून मुलांत कसे उतरतात, ते मी तिच्यावरून शोधत आले. माझ्याकडच्या माश्यांचा एक वाण असा की बाटली टेबलावर आपटली की त्या उताण्या पडतात, पाय झाडतात आणि जरा वेळाने उठून चालू लागतात. माणसाला फिट येते तसंच. त्या वाणाचा अभ्यास करण्यात माझी निम्मी नोकरी सरली. आणि या प्रवासाच्या जरा आधी आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत बारीक किडे शिरले आणि सगळा वाण फस्त झाला. आता तो फक्त लातूरला शिल्लक होता, माझा जुना विद्यार्थी सुधाकर याच्या घरी. टपालाने मागवल्या असत्या तर उन्हाने वाटेतच मेल्या असत्या, म्हणून मीच निघाले.

नांदेडच्या बाजारात माश्यांच्या परतीच्या प्रवासासाठी केळी घेतली. मी काळी पडलेली फणी उचलली तशी विक्रेत्याने माझा हात थांबवला.

"लई पिकलीत बाई. ही चांगली घ्या."

"मला अशीच हवीत."

त्याने वाद घातला नाही, पण माझ्याविषयी त्याचं मत काय झालं ते चेहऱ्यावर वाचता आलं.

लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत एसटी लातूरकडे निघाली. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन, आणि प्रत्येक गावाबाहेर घागरींची रांग, टँकरची वाट बघत. जिल्हा नवा होता. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून तिथे 'जि. लातूर' रंगवलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी खालचं जुनं नाव अजून डोकावत होतं. मला ते बघायला फार आवडलं. दुष्काळातही माणसं नव्या पत्त्याची हौस करत होती.

सुधाकर स्टँडवर आला होता. तो शिकवायचा त्या कॉलेजच्या पत्र्याखाली माश्या टिकेनात, म्हणून त्याने त्या घरी ठेवल्या होत्या, रांजणाखालच्या ओल्या वाळूत बाटल्या रोवून. घरातली सगळ्यात गार जागा तीच. मी मनातल्या मनात त्याला पूर्ण गुण दिले.

घर नुकतंच सारवलं होतं. सुधाकरच्या आईने फुलपात्रात पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. टँकरचं पाणी, म्हणून मी थेंबभरही टाकलं नाही. मग आम्ही रांजणाकडे वळलो. वाळूत बाटल्यांचे नुसते खळगे होते.

"आई, बाटल्या कुठायत?" सुधाकरने विचारलं.

"घासून ठिवल्या की. मोठ्या बाई येनार, आन् घरात माश्या? बरं दिसतं का ते? सकाळीच दिल्या सोडून."

सुधाकर वाळूतल्या खळग्यांत बोटं घालून बघू लागला. ज्यांच्यासाठी आले, त्या मी येणार म्हणून गेल्या होत्या. म्हातारीला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा इतका उतरला की मला रागही धड येईना.

मग डोकं चालवलं. गल्ली सगळी कोरडी ठणठणीत, ओल होती ती याच रांजणाखाली. माश्या लांब कशाला जातील? नांदेडची केळी कुस्करून बाटल्यांत घातली आणि बोळे न लावता त्या वाळूत परत रोवल्या. रात्री ताटात धपाटं (ज्वारीच्या पिठाचं तिखटमीठ घातलेलं थालीपीठ) आणि दही होतं. एरवी मी तिसरं मागून घेतलं असतं.

सकाळी बाटल्यांत माश्या होत्या खऱ्या, पण त्या गल्लीतल्या की माझ्या? ओळख पटवायची एकच रीत. बोळा लावून मी बाटली ओट्यावर आपटली. सगळ्या ठाम उभ्या. दुसरी आपटली. त्याही उभ्या. तिसरी आपटली, आणि तळाशी पाच-सहा माश्या उताण्या पडून पाय झाडू लागल्या. त्यांत माद्याही होत्या. वाण वाचला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"उठतेत, बाई. जरा दम धरा," म्हातारी हळूच म्हणाली. तिने हे आधी पाहिलेलं दिसत होतं. "माझा धाकला भाऊ असाच पडायचा. लोक चप्पल हुंगवायचे. मी निस्ती जवळ बसायची. म्हनून ह्यास्नी मारलं न्हाई, सोडलं." मग तिने विचारलं, "ह्याच्यातून तसली लेकरं बरी व्हतील का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण या गेल्या असत्या तर शोधायलाच काही उरलं नसतं."

"मग न्या संबाळून," म्हणत तिने बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळलं, तेही टँकरच्या पाण्यात भिजवून.

बाटल्या मी थर्मासमध्ये उभ्या केल्या. परतीच्या एसटीत कंडक्टरने थर्मासमध्ये काय आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं.

"जिती हायत?"

"हो."

"कोंबडीला तिकीट लागतंय. माशीचं साहेबांना इचारावं लागंल," असं म्हणून तो हसत पुढे गेला.

महिन्याभरात मुंबईत बाटल्या भरल्या. नेहमीप्रमाणे मी एक आपटली. माश्या पडल्या. अशा वेळी किती सेकंदांत उठतात ते मोजायचं असतं, आणि घड्याळ हाताशीच होतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्या उठेपर्यंत नुसती जवळ बसले.