तिच्या यादीतला पहिला भाग

मालवणच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचे नाव मी विचारले नाही. राक्षस पकडून पाळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट मी त्याच्याकडे नेली होती. माझी मुलगी वारली, तेव्हा तिने पकडलेले सगळे राक्षस त्यातच राहिले.

त्याने कॅसेट उघडली, डोळ्याला भिंग लावले आणि हसला. "सर, हेका कुंकू कोणी लावल्यान?"

दसऱ्याला तिच्या पुस्तकांबरोबर मी कॅसेटचीही पूजा करायचो, पाणी शिंपडून.

कॅसेट मुलीची आहे, एवढेच मी त्याला सांगितले होते. ब्रशने हळूहळू गंज झाडत त्याने विचारले, "चेडवाक खंयचो भाग आवडता?"

"हाच, या गेमचा दुसरा. तिच्या यादीत तो पहिला आणि चौथा शेवटचा."

"चौथो शेवटचो? तेच्यासारखो भाग नाय! धाडा तिका हंय, माझ्यावांगडा भांडूक."

त्याने गेम चालू करून पाहिला. आत एकही राक्षस उरला नव्हता.

"सगळा गेला, सर," तो मान खाली घालून म्हणाला. "तिका सांगा, नव्यान सुरू कर."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या एका दुकानात ती अजून जिवंत आहे. म्हणून मी पुन्हा तिकडे गेलेलो नाही.