रेखाला मी शिकवलं

स्टीलची फुटपट्टी बोटांच्या पेरांवर बसली की आधी आवाज ऐकू येतो. दुखणं मागून येतं.

साहेबांनी मला ती मारली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पहिली शिफ्ट, शॉपमध्ये वीसेक माणसं. ऑपरेटर तात्या पॉवर प्रेसवर नवा साचा बसवत होते आणि मी वाकून बघत होते. बघताना माझा हात मशीनच्या चाकावर टेकला होता. एवढाच गुन्हा. साहेब, म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, मागून आले आणि खाडकन पट्टी मारली.

मी म्हटलं, "सर, मी ट्रेनी आहे. माझ्या कार्डावर तसंच लिहिलंय. मला साच्याचं सेटिंग शिकवा."

साहेब कधी आवाज चढवत नसत. अस्सल पुण्याचे. अपमान करायचा झाला की 'अहो' म्हणायचे.

"अहो बाई, हा कारखाना आहे. क्लास नारायण पेठेत असतात. फी भरा, बाकावर बसा, वही काढा. इथे माल काढायचा."

"सर, मी आयटीआय केलंय. फिटर."

"हो, ते कसं मिळतं ते ठाऊक आहे आम्हाला. तुमच्या लोकांना ॲडमिशनही देतात आणि पासही करतात."

सगळे हसले. तुमच्या लोकांना. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं. मी सुजलेली बोटं ओढणीत धरून परत मशीनवर गेले आणि सुट्टी होईपर्यंत माल काढला. रडले नाही. पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला असता तर शिवीच निघाली असती.

मी वाशिमकडची. विश्रांतवाडीत आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. आमच्या आयटीआयमध्ये प्रेस एकच होता आणि तोही बंद. त्याचं चित्र काढून आम्ही पास झालो. म्हणून तर पुण्याला आले. वाटलं, इथे चालू मशीनवर कुणीतरी शिकवेल. आठ महिने ट्रेनी होते. पत्रा ठेव, बटण दाब, पीस काढ. आठ महिन्यांत यापलीकडे एक अक्षर कुणी सांगितलं नाही.

तात्या पन्नाशीचे, भोसरीच्या पलीकडच्या गावातले. शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर. सेटिंग करताना मुद्दाम माझ्याकडे पाठ करायचे. एकदा म्हणाले, "हिकडं बघू नगंस. तू शिकलीस की मला घरी बसवत्याल. माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस व्हय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या बरोबरीच्या दोघांना कंपनीने असंच घरी बसवलं होतं. म्हणजे साहेबांना शिकवायचं नव्हतं आणि तात्यांना शिकवणं परवडत नव्हतं. मग मी चोरून शिकायला लागले. तात्यांच्या कोपराखालून, पाठीमागून, पाणी प्यायला जाताना.

चोरून काय दिसतं? अर्धंच दिसतं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबायची, मगच वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो. तात्या डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायचे. डावा हात मोकळा. त्याने पत्रा सरकवायचा, उजव्याने बटण दाबायचं. माल भराभर निघायचा. साहेब रोज तिथून जायचे, पाचर बघायचे आणि तात्यांच्या पाठीवर थाप मारायचे.

खंडेनवमीला आम्ही मशिनी धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. सगळी हत्यारं पाटावर मांडली. पाने, हातोडा, व्हर्नियर. तात्यांनी त्यांच्या शेजारी पाचरही ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, वर फूल वाहिलं. साहेबांनी सगळ्यांबरोबर तिलाही नमस्कार केला. मी लांबून बघितलं आणि मनात पक्कं बसलं की हेही एक हत्यारच आहे. हीच ती कला, जी मला कुणी सांगत नाही. दोन बटणं दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून असतात, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर. कुणी बोललं नाही.

दसऱ्यानंतर रेखा आली. हिंगोलीची. नवऱ्याचा मार सोडून आलेली, माझ्याच वयाची, डावखुरी. पहिल्याच दिवशी तिला प्रेसवर उभं केलं. ती बावरून माझ्याकडे बघत राहिली. मला माझा पहिला दिवस आठवला.

मग तिला मी शिकवलं. मोठ्या तोऱ्यात. मधल्या सुट्टीत तिच्यासाठी खोक्याच्या फळीतून पाचर तासली, डाव्या बटणात ठोकून दाखवली. म्हटलं, "हे बघ, ही खरी युक्ती. मी फार कष्टाने मिळवलीये."

ती म्हणाली, "ताई, तू नसतीस तर मला इथं कुणीच काही सांगितलं नसतं."

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला पत्रा साच्यात वाकडा बसला. रेखाने तो सरळ करायला डावा हात आत घातला आणि सवयीने उजव्याने बटण दाबलं.

ठोकळा खाली आला आणि तिथेच अडकला. रेखाचा हात आत. तिचं तोंड उघडं होतं, पण बाकीच्या मशिनींच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी धावले. साच्यातून रक्त टेबलावर, टेबलावरून माझ्या चपलांवर. ठोकळा वर कसा घ्यायचा ते मला माहीत नव्हतं. आठ महिने त्या मशीनवर उभी होते आणि मला माहीत नव्हतं. मी दिसेल ते बटण दाबत सुटले. तात्या चहाला गेले होते. मी बोंबलत गेटपर्यंत गेले, त्यांना ओढत आणलं. त्यांनी मोठं चाक पहारीने उलटं फिरवलं आणि ठोकळा उचलला गेला. दहा सेकंदांचं काम. तोवर रेखा उभ्या उभ्या बेशुद्ध झाली होती, हातावर लटकलेली. चार बोटं साच्यातच राहिली. तात्या बाजूला जाऊन ओकले.

संध्याकाळी साहेब हॉस्पिटलात आले. फुलं नाही, फळं नाही. हातात फाइल. 'ट्रेनिंग रेकॉर्ड'. रेखाच्या नावाने कागद तयार होता. दोन दिवस सुरक्षा प्रशिक्षण दिले, दोन्ही बटणांचा वापर समजावला, कामगारास समजले. खाली सहीची रेघ रिकामी.

मी म्हटलं, "ती शुद्धीवर नाही. आणि सही डाव्या हाताने करते."

साहेबांनी पिशवीतून स्टॅम्प पॅड काढलं. शांतपणे म्हणाले, "उजव्याचा अंगठा आहे ना शाबूत? तेवढा पुरे." आणि तिचा हात उचलला.

मी पॅड हिसकावलं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. शाई त्यांच्या ओठांवर, दातांवर, इस्त्रीच्या शर्टावर. मग हाताने एक कानाखाली दिली. दुसरी दिली. तिसरीला वॉर्डबॉयने मला मागे ओढलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं. आठ महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची आणि पहिल्यांदा चहा.

"आपण रागाच्या भरात जे केलंत ते मी विसरतो," साहेब म्हणाले. "चाकणच्या प्लांटला तीन महिने डाय सेटिंगचं ट्रेनिंग देतो. पूर्ण, सर्टिफिकेटसह. रेखाबाईंच्या रेकॉर्डवर साक्षीदार म्हणून सही करा. नाही केलीत, तर पाचर कुणी तासली हे शॉपमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. ती चार बोटं आपल्या नावावर लागतील."

खोटं कशाला सांगू, माझं मन हललं. जे मागितलं म्हणून पट्टी खाल्ली, तेच टेबलावर मांडलं होतं. वर भीतीही होती. पाचर मीच तासली होती. मी पेन उचललं. फाइलीत रेखाच्या कागदाखाली आणखी एक कागद होता. त्यावर माझं नाव. मलाही आठ महिन्यांपूर्वी ट्रेनिंग दिलेलं. खाली माझी सही, हुबेहूब. मी कधी केलेलीच नाही. या कारखान्यात मला काही शिकवायला कुणाला वेळ नव्हता, पण माझी सही कुणीतरी बसून गिरवली होती.

डोकं फिरलं. चहाचा कप त्यांच्या टेबलाच्या काचेवर आपटला, काच तडकली. दोन्ही कागद फाइलीतून ओरबाडून काढले आणि पळाले. गेटवर वॉचमनने हात पिरगाळला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने हात सोडला. माझ्या तोंडात त्याच्या रक्ताची चव होती आणि कुडत्याच्या आत कागद होते.

आधी रेखाकडे गेले. ती शुद्धीवर आली होती. तिला सांगितलं की ती पाचर चुकीची होती, मला माहीत नव्हतं, आणि तुला ती मी शिकवली. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. अजून माझ्याशी बोलत नाही. बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

तिथून थेट कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात. दोन्ही कागद टेबलावर टाकले आणि जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. पहिलंच वाक्य लिहिलं, रेखाच्या मशीनची पाचर मी तासली आणि मीच ठोकायला शिकवली. तिथला क्लार्क भला माणूस. वाचून म्हणाला, "अहो ताई, हे वाक्य गाळा. तुम्हीच अडकाल."

मी म्हटलं, "राहू द्या. त्याच्या खालची वाक्यं खरी वाटायला ते लागेल."

नोकरी त्याच दिवशी गेली. साहेबांनी मारहाणीची तक्रार दिलीये, वॉचमननेही. चौकीत दोनदा जाऊन आले. समजुतीच्या गोष्टी करायला कंपनीचा माणूस खोलीवर येतो. चाकणचं ट्रेनिंग अजून मिळेल म्हणतो, जबाब तेवढा मागे घ्या. गेल्या खेपेला मी त्याच्या अंगावर दार लावलं, त्याचा अंगठा चेमटता चेमटता राहिला.

जबाब मागे घेणार नाही. कोर्टात मला विचारतील, पाचर कुणी शिकवली? मी म्हणेन, मी. मग मी विचारणार आहे, मला कुणी शिकवलं? त्याचं नाव सांगा. त्याला इथे उभा करा. माझ्या नावावर जेवढं लागायचं तेवढं लागू दे. पण साहेब माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात उभे राहिल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.