मामांच्या पडीत मूग

गार्गी दूध पिऊन माझ्या दंडावरच झोपली आहे आणि मी तिचे श्वास मोजते आहे. दुपारचे तीन. चारला ट्रॅक्टर येणार, ओढ्याकडच्या रानात वखर घालायला. सोळा, सतरा. अठरावा श्वास माझ्या हातून निसटतो आणि मामा उंबऱ्यात चपला काढताना दिसतात.

मामा म्हणजे माझे सासरे, माझ्या नवऱ्याचे आबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"वजन केलं का पोरीचं?" ते विचारतात.

आम्ही अंगणवाडीत आहोत. काट्याच्या झोळीत गार्गी नाही, काळी माती आहे. मामा चिमूटभर उचलून वास घेतात.

"कुठली गं ही?"

"तुमच्याच ओढ्याकडच्या रानातली."

"माझ्या रानात एवढा पाला? मी असताना तिथं काडी तरी दिसली व्हती का?"

नव्हती, हे खरंच. रब्बीच्या ज्वारीचं रान आमच्याकडे पावसाळाभर पड ठेवतात. काही पेरत नाहीत, आणि दर पावसानंतर वखर घालून लख्ख करतात. तण माजलेली पड म्हणजे आळशी घर. मामांची पड बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. ती मी मोडली. सलग तीन पावसाळे मूग पेरला, शेंगा तोडल्या, पाला तिथेच पसरू दिला. गाव म्हणालं, शिकलेल्या सुनेनं रानाचा उकिरडा केला. माझा नवरा नवनाथ तीन वर्षं गप्प होता. काल म्हणाला, "बास आता. आबांसारखी स्वच्छ पड ठेवू."

"रागावलात, मामा?"

"रागवायला मी काय जित्ता हाय?"

ते हसतात आणि अंगणवाडीच्या फरशीवरून वखर ओढतात. फरशी भुसभुशीत होऊन उलटते. वखरानं पाडलेल्या तासातून ऊब वर येते, झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी गाल नेला की लागते तशी.

"हे काय निघतंय?"

"मातीतला कर्ब. उघडं रान सारखं ढवळलं की मातीतले जिवाणू तो झपाट्यानं खातात, आणि तो हवेत जातो. पडीत काही उगवलंच नाही तर नवा येणार कुठून?"

मामा वखर सोडून खाली बसतात. "म्हंजी तीस वर्सं मी..."

आता ते रडतील अशी मला धास्ती वाटते. मला कसलीही धास्ती वाटते. मुलगी जास्त वेळ झोपली तरी वाटते.

"तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मामा."

"तुला म्हाईत व्हतं. किती भरला?"

"मुगाआधी माती तपासली तेव्हा शेकडा शून्य पूर्णांक अडतीस होता. यंदा सेहेचाळीस आला."

"लई झाला का?"

"कणभरच. पण उतरत होता तो चढलाय."

मामा डोकं मागं टाकून हसतात, रास भरल्यावर हसायचे तसे. आम्ही ओढ्याकडे उभे आहोत. झोळी बाभळीला टांगली आहे आणि आता तिच्यात गार्गीच आहे, जागी. मामा तिच्यावर वाकतात. त्यांनी तिला कधी पाहिलेलं नाही.

"ए ठमाबाई, माझी पड बघाय गावं यायची. आज मी आलोय, तुझ्या आईची बघाय!"

माझा ऊर भरून येतो. मी काही बोलणार, तोच ट्रॅक्टरचा आवाज होतो.

दंड बधिर झाला आहे. गार्गी टक्क बघते आहे. तिच्या गालावर काळी तीट. आज मी काजळ लावलेलं नाही. बोट फिरवते, चिकट नाही, रवाळ आहे, गार आहे. त्यात केसासारखं एक पांढरं मूळ.

मी ती पुसत नाही. लेकीला कडेवर घेऊन बाहेर येते.

नवनाथ ट्रॅक्टरवाल्याला बांध दाखवतो आहे. लेकीकडे बघून थांबतो. "हिच्या गालाला काय लागलंय?"

"माती," मी म्हणते. "ओढ्याकडची. ट्रॅक्टर परत पाठवा. ज्वारी पाल्यातूनच पेरायची."